दिनविशेष : १९ जुलै २००६ – बुश यांचा पहिला नकाराधिकार

भ्रूणांच्या मूलपेशींवरील संशोधनाला वाढीव सरकारी निधी खुला करणारे विधेयक अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी फेटाळले. सिनेटने ते ६३ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर केले होते. तेव्हा दत्तक भ्रूणांतून जन्मलेली मुले व्हाइट हाउसमध्ये बुश यांच्याभोवती होती. ज्यांना या संशोधनातला भ्रूणनाश हत्या वाटते, त्यांच्या करातून तो का व्हावा, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण विधेयकात होते ते वंध्यत्वोपचारांत उरलेले, एरवी टाकूनच दिले जाणारे भ्रूण. तेही लेखी संमतीने, मोबदल्याविना. नकाराने ते वाचले नाहीत. खासगी पैशावरच्या संशोधनाला बंदी नव्हतीच. सरकारी निधीबरोबर येणारी देखरेख तेवढी हुकली. २००९ मध्ये ओबामांनी या निधीवरचे निर्बंध उठवले, तेही आदेशाने. पुढचा अध्यक्ष तो एका सहीत फिरवू शकतो.