लोणारचा खड्डा आणि हातोडीची पोच

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहून आलेला मनुष्य सहसा तिथल्या पाण्याविषयी बोलतो. पाणी खारे आहे, त्यात सोड्याचा अंश फार आहे, २०२० च्या जून महिन्यात ते काही दिवस चक्क गुलाबी झाले होते. हे सारे खरे. परंतु पाण्याहून मोठे नवल ज्या खड्ड्यात ते साठले आहे त्या खड्ड्याचे आहे. सपाट माळावरून चालत जावे आणि एकाएकी पायांखालची जमीन संपावी, असा तो प्रकार आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंदी, जवळजवळ कंपासाने रेखल्यासारखी गोलाई, आणि खाली पाण्याच्या पातळीपर्यंत सव्वाशे-दीडशे मीटरांची उतरंड. भोवतीच्या मुलखात नदीनाल्यांनी कोरलेल्या दऱ्या पुष्कळ आहेत. पण नदी वर्तुळ काढीत नाही.

हे वर्तुळ काढले कोणी, या प्रश्नाचे आपल्या लोकांनी दिलेले उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली राहात होता. विष्णूने बिळावरचे झाकण उडवून त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर त्याच कथेची आठवण सांगते. अकबराच्या दरबारातील 'ऐने अकबरी' या ग्रंथात लोणारचा उल्लेख आहे तो मात्र हिशेबी दृष्टीने. काच आणि साबण यांस लागणारे जिन्नस येथे मिळतात आणि सरकारास उत्पन्न होते, एवढ्यापुरता. खड्डा पडला कसा, हे विचारण्याचे त्या कारकुनांना कारणच नव्हते.

ते विचारले एकोणिसाव्या शतकात आलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, आणि तेव्हापासून पुढची दीडशे वर्षे या एका खड्ड्यापुढे एकामागून एक विद्वान येऊन उभे राहिले. त्यांनी काय पाहिले, कशाने पाहिले आणि काय त्यांच्या हाताबाहेर राहिले, ही कथा मला त्या दैत्याच्या कथेइतकीच रंजक वाटते.

आधी त्यांची हत्यारे पाहू. कारण या कथेत सारा खेळ हत्यारांचा आहे.

भूगर्भशास्त्रज्ञाची हातोडी लहान असते, पण तिच्यावाचून तो घराबाहेर पडत नाही. उघड्यावर पडलेला दगड हा खोटारडा साक्षीदार असतो. ऊनपावसाने त्याच्या अंगावर करडी, तांबूस साल धरलेली असते, आणि काळा बेसाल्ट व दुसराच एखादा दगड सालीवरून सारखेच दिसू शकतात. म्हणून आधी एक टोला घालून ताजा पृष्ठभाग उघडावयाचा, मग दहापट मोठे दाखविणारे भिंग डोळ्यापाशी धरून दगडच त्याच्याजवळ न्यावयाचा. (आमच्या शाळेतील मुले नेमके उलट करतात, भिंग दगडापाशी आणि डोळा हातभर लांब.) कण केवढे आहेत, पोकळ्या आहेत की नाहीत, पोकळ्यांत पांढरी खनिजे भरली आहेत काय, हे तिथल्या तिथे वहीत उतरवावयाचे. चुनखडीची शंका आली तर सौम्य आम्लाचा एक थेंब टाकावयाचा. फेस आला की उत्तर मिळाले.

दुसरे हत्यार म्हणजे होकायंत्र आणि त्याच्या जोडीला उताराचा कोन मोजणारे नतिमापक. थर कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कलला आहे, हे दोन आकडे हाती आले की डोळ्यांना न दिसणारी जमिनीखालची गोष्ट कागदावर ओढता येते. १८९४ साली ब्रंटन नावाच्या खाण-अभियंत्याने ही दोन्ही यंत्रे एका डबीत बसवून तिचे पेटंट घेतले, आणि त्या घराण्यातील डबी अद्याप भूगर्भशास्त्रज्ञांच्या कमरेला असते. तिसरे हत्यार नकाशा. ओढ्याकाठाने, घाटाने, विहिरीच्या कडेने, जिथे जिथे खडक उघडा पडला आहे तिथे तिथे जाऊन, मोजून, नकाशावर खूण करावयाची. पाय चालतील तितकेच शास्त्र पुढे सरकते.

आपल्या दख्खनचा खडक असल्या चालण्याला मोठा सोयीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिलारसाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थिजले. 'ट्रॅप' हे त्याचे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडले. सह्याद्रीच्या डोंगरांच्या पायऱ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ते पटेल. हे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे असतात, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. लोणारच्या उतरणीवर असे चारपाच थर उघडे पडले आहेत. तेव्हा थर आडवे असावेत ही अपेक्षा. आणि ते तसे नसतील तर तिथे काहीतरी घडले आहे हे निश्चित.

लोणारच्या कडेला ते तसे नाहीत. दिवाळीच्या फराळातला चिरोटा घ्यावा आणि खालून बोट घालून मध्ये भोक पाडावे. कडेचे पापुद्रे वर उचलून बाहेरच्या बाजूला कलंडतात. लोणारचे थर खड्ड्यापासून दूर, बाहेरच्या अंगाला कललेले आहेत. शिवाय बहुतेक बाजूंनी भोवतालच्या माळाहून उंच असा बांध आहे, आणि तो आतल्याच काळ्या दगडाच्या अस्ताव्यस्त धोंड्यांचा आहे.

भारताचे भूसर्वेक्षण खाते १८५१ साली सुरू झाले. त्याच्या मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड या दोन अधिकाऱ्यांनी १८७९ साली भारताच्या भूरचनेवर जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात लोणारवर थोडाच मजकूर आहे. पण शोध कसा करावा याचा तो नमुना म्हणावा लागेल. पाण्याने हा खड्डा कोरला असेल काय? नाही, पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, आणि वाहते पाणी गोल खड्डा करीत नाही. जमीन नुसती खचली असेल काय? नाही, खचली असती तर कडेला धोंड्यांचा बांध कोठून आला असता? मग राहिला स्फोट. आणि जमिनीत स्फोट करणारी शक्ती त्या काळी एकच ठाऊक होती, ती ज्वालामुखीची. तथापि या मंडळींचा प्रामाणिकपणा असा की आपल्या निकालाविरुद्ध जाणारा पुरावाही त्यांनी तेथेच नोंदवून ठेवला. आसपास नव्या शिलारसाचा थर नाही, ज्वालामुखीची राख नाही, खालून वर आलेली भेगेतली शिरही नाही. म्हणजे खून झाला हे दिसते, पण खुनी येऊन गेल्याची एकही खूण नाही!

मला त्यांची चूक दाखविण्यात गोडी वाटत नाही. हातोडी, होकायंत्र आणि डोळे यांच्या जोरावर जितके जाता येते तितके ते गेले. पुढे १९१२ साली याच खात्याचे ला टूश आणि रसायनज्ञ ख्रिस्ती यांनी लोणारवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला व तेथील क्षारांचा कसून अभ्यास केला. पण खड्ड्याच्या जन्माची गाठ सुटली नाही.

ती सुटण्याची सुरुवात झाली ती लोणारपासून हजारो कोसांवर, अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात. तेथे लोणारचाच धाकटा भाऊ शोभावा असा एक गोल खड्डा आहे, आणि त्याच्या आसपास उल्केच्या लोखंडाचे तुकडे विखुरलेले सापडत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळचा अमेरिकेतील अव्वल भूगर्भशास्त्रज्ञ १८९१ साली तेथे गेला. आकाशातून पडलेला गोळा खाली गाडला गेला असेल, ही शंका त्याच्या मनात होती आणि ती पारखण्याच्या दोन युक्त्याही त्याने योजल्या होत्या. एक, खड्ड्याचे आकारमान आणि कडेच्या बांधाचे आकारमान मोजावयाचे. गोळ्याने खाली जागा अडविली असेल तर बांधाचा माल खड्ड्यात मावणार नाही. दुसरी, चुंबकसूचीने सारी जागा तपासावयाची. एवढे लोखंड खाली असेल तर सूची हललीच पाहिजे. मोजमाप झाले. बांधाचा माल खड्ड्याइतकाच भरला; सूची हलली नाही. गिल्बर्टने आपलीच आवडती कल्पना बाजूस सारली आणि वाफेच्या स्फोटाचा निर्णय दिला. जोडीला दाखला म्हणून त्याने कोणाचे नाव घेतले असेल? आपल्या लोणारचे!

येथे पद्धतीत कोठेही खोट नव्हती. खोट होती ती एका गृहीतात: एवढा खड्डा पाडणारा गोळा तितकाच अगडबंब असला पाहिजे. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येणारी वस्तू जमिनीवर आदळली म्हणजे ती खिळ्यासारखी रुतून बसत नाही. तिचा आणि खालच्या खडकाचा क्षणार्धात स्फोट होतो, आणि ती स्वतः बहुतांशी वितळून व वाफ होऊन जाते. ही गोष्ट न कळल्यामुळे बॅरिंजर नावाच्या खाण-अभियंत्याने १९०३ पासून त्याच खड्ड्यात लोखंडाचा गोळा शोधण्यासाठी छिद्रामागून छिद्र पाडले, पैसा ओतला आणि १९२९ साली तो निराश होऊन वारला. खड्डा उल्केचा आहे हे त्याचे म्हणणे मात्र बरोबर होते. १९६० साली तेथील वालुकाश्मात कोएसाइट सापडले. गारेचेच हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होते. साक्षीदार मिळाला, पण तो मोठ्या गोळ्याच्या नव्हे, सूक्ष्म कणाच्या रूपाने.

आता लोणारकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले. १९६४ साली लाफाँड आणि डिएट्झ या दोघांनी हा खड्डा उल्केचा तर नव्हे, असा प्रश्न छापून विचारला. अडचण अशी होती की ॲरिझोनाची परीक्षा लोणारला लागू पडत नव्हती. तेथला खडक वाळूचा, म्हणजे गारेच्या कणांचा. आपला बेसाल्ट निराळ्या घडणीचा, त्यात फेल्स्पार मुख्य. तेव्हा साक्ष काढावयाची ती फेल्स्पारकडून. आणि ती जिथे असावयाची ती जागा सरोवराच्या तळाशी, सुमारे शंभर मीटर गाळाखाली! कोणाच्याही हातोडीची पोच तिथवर नव्हती.

मग वेधनयंत्रे आली. हिऱ्याच्या कणांनी मढविलेले पोकळ पाते फिरत फिरत खाली जाते आणि पोटात खडकाची दांडी घेऊन वर येते; या दांड्या क्रमाने पेटीत मांडून ठेवल्या की जमीन आडवी झोपवून वाचल्यासारखी वाचता येते. गाळ संपल्यावर खाली लागला तो फुटून पुन्हा सांधलेल्या बेसाल्टच्या तुकड्यांचा खच. त्यातील काही तुकड्यांवर घोड्याच्या शेपटीसारख्या फाकत गेलेल्या रेघांचे शंकू उमटलेले होते. अशी खूण आघाताची लाटच उमटवते. कडेवरही चर खणण्यात आले, आणि त्यांत वितळलेल्या दगडाचे गोटे व बारीक गोल मणी मिळाले.

शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाने दिला. दगडाचा काप घासून घासून तीन शतांश मिलिमीटर इतका पातळ केला म्हणजे काळा बेसाल्टसुद्धा पारदर्शक होतो. एकमेकींशी आडव्या धरलेल्या दोन प्रकाश-गाळण्यांमधून तो काप फिरविला की फेल्स्पारचा स्फटिक आळीपाळीने उजळतो व मावळतो. लोणारच्या कापांत काही फेल्स्पार असे निघाले की त्यांचा आकार, कडा, सारे स्फटिकाचे. पण कितीही फिरविले तरी ते काळेच राहिले. म्हणजे वितळून ओघळ न येता, जागच्या जागी, त्यांची काच झाली होती. याला सुमारे तीन लाख वातावरणांच्या घरातला दाब लागतो, आणि तो कोणत्याही ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. या काचेचे नाव मॅस्केलिनाइट. गंमत अशी की ती प्रथम ओळखली गेली ती १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली आहे असे आज मानतात.

१९७३ साली अमेरिकेतील फ्रेड्रिक्सन व मिल्टन आणि आपल्या भूसर्वेक्षण खात्याचे दुबे व बालसुंदरम् या चौघांनी हा पुरावा 'सायन्स' या पत्रिकेत मांडला. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून दगड आणल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. चंद्राचे काळे डाग म्हणजेही बेसाल्टच. त्यामुळे बेसाल्टात पडलेला उल्केचा खड्डा म्हणून, आणि तेव्हा ठाऊक असलेला असा एकमेव म्हणून, वऱ्हाडातील या सरोवराचे मणी चांद्रमण्यांशेजारी ठेवून पाहिले गेले. (पुढे ब्राझीलमध्येही बेसाल्टातील असे खड्डे ओळखले गेले.)

आणि ब्लॅनफर्डच्या काळातल्या वह्या? त्या फुकट गेल्या नाहीत. बाहेर कललेले थर, धोंड्यांचा बांध, नव्या शिलारसाचा अभाव, यांतली एकही नोंद खोडावी लागली नाही. उलट साऱ्या नोंदी नव्या उत्तरात अधिक चपखल बसल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सविस्तर नकाशासाठीही पुन्हा तेच करावे लागले: कडेकडेने चालणे, थराचा कल मोजणे, वहीत टिपणे.

वय मात्र अजून वादात आहे. १९९७ साली, तापविल्यावर कणांतून बाहेर पडणारा प्रकाश मोजून ते सुमारे ५२ हजार वर्षे ठरविण्यात आले. २०११ साली वितळलेल्या खडकातील आरगॉन वायूवरून हिशेब केला तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचा आला. एकाच खड्ड्याच्या दोन जन्मपत्रिका, आणि दोहोंत दहापटीहून अधिक अंतर! आरगॉनच्या घड्याळावर आज अनेकांचा विश्वास आहे. पण ज्या चिंधाडलेल्या मालावरून हे वय काढावयाचे, तो कडेच्या बाहेर पसरलेला थर पातळ आहे आणि त्याच्यावर गाव, रस्ते आणि शेते आहेत. दर पावसाळ्यात त्यातला थोडा थोडा ओहोळांनी खाली तळ्यात जाऊन पडत असतो.