हे भोक कुणी पाडले? रणगाड्यांच्या प्रतिकृती आणि युद्धखुणांचा इतिहास

१/
रणगाड्याची एक प्रतिकृती डोळ्यांसमोर आणा. मूळच्या पस्तीसपट लहान, सुबक, रंगवलेली, चिखलाने माखलेली. समोरच्या चिलखतावर, टरेटवर, दोन्ही बाजूंवर मिळून डझनभर काळी भोके. पाहणारा म्हणतो, 'वा! थेट रणांगणावरून आलेला दिसतो.' इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिथेच थांबून एक प्रश्न विचारावा: यातले प्रत्येक भोक कुणी पाडले? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

२/
प्रतिकृतीवरील भोक हे एक ऐतिहासिक विधान असते. अमुक तोफेने, अमुक दिशेने, अमुक दिवशी येथे मारा केला, असे ते सांगते. लेख लिहिताना पुराव्याविना असे विधान करण्यास आपण कचरतो. हातात ड्रिल आले की मात्र तोच संकोच गळून पडतो. युद्धखुणा वाचता आल्या तर त्या खऱ्या उमटवता येतात. आणि त्या वाचण्याची विद्या हा इतिहासाचाच एक भाग आहे.

३/
या छंदाची पार्श्वभूमी थोडक्यात. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ साली जर्मन 'पँथर' रणगाड्याचे प्लास्टिकचे किट बाजारात आणले. मोटार आणि बॅटऱ्या आत मावाव्यात या सोयीतून आलेले १/३५ हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील शेप पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत येणाऱ्या पत्रकांतून युद्धदृश्ये कशी उभारावीत हे हजारो मुलांना शिकवले. तेव्हापासून स्वच्छ प्रतिकृतीपेक्षा जखमी प्रतिकृतीचे आकर्षण वाढत गेले.

४/
आता गणित. ५७ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचे भोक १/३५ प्रमाणात सुमारे १.६ मिलिमीटरचे होते; ९० मिलिमीटरचे सुमारे २.६ मिलिमीटरचे. म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपासून फार तर मसुराच्या अर्ध्या दाण्यापर्यंत. अनेक प्रतिकृतींवर पेन्सिल जाईल एवढी भोके दिसतात. एवढे भोक पाडायला पाव मीटर व्यासाची तोफ लागेल, आणि अशी तोफ रणगाड्यांवर जवळजवळ कधीच नसे.

५/
दुसरे गणित जाडीचे. पॅटन एम-४८ च्या पुढच्या चिलखताची जाडी सुमारे ११० मिलिमीटर. प्रतिकृतीत ती ३ मिलिमीटरहून अधिक भरते. किटचे प्लास्टिक मात्र साधारण एक-दीड मिलिमीटरचे असते. म्हणून भोक पाडण्याआधी आतून प्लास्टिकचा तुकडा चिकटवावा लागतो, नाहीतर पोलादी भिंत पुठ्ठ्यासारखी दिसते. मडगार्डचे उलटे असते. खरे मडगार्ड पातळ पत्र्याचे. किटमधले मात्र प्रमाणाने पस्तीस मिलिमीटर जाड ठरते. तिथे शीतपेयाच्या रिकाम्या कॅनचा पत्रा कापून लावावा. तो खऱ्या पत्र्यासारखाच वाकतो आणि फाटतो.

६/
यातून पहिला नियम मिळतो: पातळ पत्रा वाकतो, जाड चिलखत वाकत नाही. भरीव पोलादी गोळा चिलखतात शिरला तर भोक जवळजवळ गोल राहते आणि कडेला धातूची उचललेली ओठासारखी किनार उमटते. गोळा तिरका लागून निसटला तर चमच्याने लोणी खरवडल्यासारखी लांबट खाच पडते. खऱ्या रणगाड्यांवर अशा निसटत्या खाचा पुष्कळ दिसतात, प्रतिकृतींवर क्वचितच. वाचलेल्या रणगाड्याची गोष्ट सांगायची असेल, तर भोकापेक्षा खाच अधिक बोलकी असते.

७/
दुसरा प्रकार पोकळ भरणीच्या गोळ्याचा. त्याच्या पुढच्या भागात धातूचा, बहुधा तांब्याचा, शंकू असतो. स्फोट होताच त्या शंकूची अतिवेगवान धार बनते आणि ती चिलखत भेदून आत जाते. बाहेर उरते ते गोळ्याच्या व्यासापेक्षा कितीतरी लहान भोक आणि त्याभोवती फुलासारखे उमटलेले शिंतोडे. बाहेरून पाहणाऱ्याला काही झालेच नाही असे वाटावे. विध्वंस सगळा आत. याला मोठे भगदाड पाडून दाखवणे म्हणजे शस्त्राचा स्वभावच न समजणे.

८/
तिसरा प्रकार साध्या स्फोटक गोळ्याचा. तो जाड चिलखत सहसा भेदत नाही. पण वर लादलेल्या पेट्या, दिवे, अँटेना, मडगार्ड आणि ट्रॅकची दुर्दशा करतो. ट्रॅक तुटलेला रणगाडा जागीच अडकतो, आणि रणांगणावर अडकणे हेही मरणाच्या जवळ जाणेच असते. चिलखताची घडणही पाहावी लागते: युद्धाच्या अखेरीस मॉलिब्डेनमसारख्या मिश्रधातूंचा तुटवडा पडल्याने जर्मन चिलखत ठिसूळ झाले आणि त्याला तडे जाऊ लागले. एक तडा असा साऱ्या युद्ध-अर्थव्यवस्थेविषयी सांगून जातो.

९/
चौथी खूण आगीची, आणि चुका सर्वाधिक इथेच होतात. काजळी सर्वांगावर पसरत नाही. ज्वाळा ज्या झाकणांतून व जाळ्यांतून बाहेर आल्या त्यांच्या वरच्या बाजूला ती धरते. तीव्र आगीत रंग जळून जातो आणि उघडे पडलेले पोलाद थोड्याच दिवसांत तांबूस गंजते. चाकांवरचे रबर जळून राखाडी राख उरते. टॉर्शन बारवर उभे असलेले रणगाडे, कांबांचा ताठरपणा गेल्यामुळे, पोटावर खाली बसतात. सर्वांग काळे पण रबर शाबूत आणि अंग ताठ, असा 'जळका' रणगाडा केवळ रंगाच्या डबीत जळलेला असतो.

१०/
ही विद्या आली कुठून? युद्धानंतर रणांगणावर फिरून मोजमाप करणाऱ्यांकडून. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीतील मॉर्तें येथे जर्मनांनी प्रतिहल्ला केला. मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांनी अडीचशेच्या आसपास रणगाडे निकामी केल्याचे दावे नोंदवले. पुढे ब्रिटिश संशोधन पथकाने तिथल्या सांगाड्यांवरची भोके एकेक करून तपासली. विमानांच्या रॉकेट-बॉम्बने नष्ट झालेले रणगाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. काही तर चालकदलांनीच सोडून दिलेले वा स्वतः उडवलेले होते.

११/
वैमानिक खोटे बोलत होते असे नाही. धूर, वेग आणि भीती यांत एकाच रणगाड्यावर अनेकांनी मारा केला आणि प्रत्येकाने तो आपल्या खात्यात धरला. विमानांचा धाक खराच होता. माणसे रणगाडे सोडून पळाली, हाही त्याचाच परिणाम. पण कागदावरचा दावा आणि पोलादावरची खूण यांत तफावत पडली, तेव्हा पोलादाची साक्ष वरचढ ठरली.

१२/
एकाच रणगाड्याची साक्ष पाहायची असेल तर इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला 'टायगर १३१' पाहावा. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिश चर्चिल रणगाड्यांच्या सहा-पौंडी, म्हणजे ५७ मिलिमीटर तोफेचा एक गोळा त्याच्या तोफेच्या नळीला खालून घासून टरेटच्या सांध्यात घुसला. टरेट फिरेना. चालकदल बाहेर पडले आणि रणगाडा जवळजवळ धडधाकट हाती लागला. त्या काळातल्या सर्वात धास्तावणाऱ्या रणगाड्याचा पराभव एका लहानशा खाचेत मावतो. तो घडवताना भगदाड पाडणे म्हणजे खरी गोष्ट पुसणे.

१३/
आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर १९६५, पंजाबातील खेमकरण. पाकिस्तानची १ आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकी पॅटन घेऊन पुढे सरकली. भारताची ४ माउंटन डिव्हिजन असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधून बसली. उसाच्या उभ्या शेतांत सेंच्युरियन रणगाडे दडवले गेले आणि कालव्याचे पाणी सोडून शेतशिवार चिखलमय केले गेले. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटनची कीर्ती तिथे रुतली.

१४/
१० सप्टेंबरला ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पॅटनचा वेध घेत लढले आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. या तोफेच्या पोकळ भरणीच्या गोळ्याची खूण बाहेरून लहानच दिसते, हे सातव्या क्रमांकात आपण पाहिले. उघड्या जीपवर बसलेला माणूस आणि जाड चिलखतातला रणगाडा यांतला फरक लक्षात घेतला, की त्या बोटभर भोकाचे मोल कळते.

१५/
भारतीय नोंदींनुसार या लढाईत पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले. पण ते सगळे फुटलेले नव्हते. बरेच चिखलात रुतले आणि तसेच सोडून दिले गेले. ११ सप्टेंबरला पाकिस्तानच्या ४ कॅव्हलरीचे अधिकारी व जवान उसाच्या शेतांतून शरण आले. पकडलेले रणगाडे भिखीविंडजवळ ओळीने उभे केले गेले आणि त्या जागेला लोक 'पॅटन नगर' म्हणू लागले.

१६/
म्हणजे असल उत्तरचा पॅटन घडवायचा, तर सर्वात प्रामाणिक युद्धखूण कोणती? बहुधा एकही भोक नाही. ट्रॅक चिखलात अर्धे गडप, चाकांमध्ये उसाची पाने गुंतलेली, झाकणे सताड उघडी, आत कुणी नाही. अशी प्रतिकृती 'निस्तेज' वाटेल. पण ही लढाई तोफांइतकीच पाण्याने, मातीने आणि जागेच्या निवडीने जिंकली गेली, हे दहा भोकांचा पॅटन कधीच सांगू शकणार नाही.

१७/
याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १९७१ चे बसंतर. १६ डिसेंबरला १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमधून लढत होते. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाड्याला गोळा लागून आग लागली. बाहेर पडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते आतच राहिले आणि लढत राहिले. पुढच्या आघाताने त्यांचा प्राण घेतला. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

१८/
तो 'फामागुस्ता' पुढे दुरुस्त झाला आणि आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. इथे एक सावधगिरी हवी. दुरुस्त करून रंगवलेला रणगाडा त्या दिवशीच्या जखमांचा पुरावा देऊ शकत नाही. त्यासाठी नोंदी आणि साक्षीच पाहाव्या लागतात. याच्या उलट, जगभरचे अनेक जुने रणगाडे युद्धानंतर चांदमारीच्या मैदानावर लक्ष्य म्हणून वापरले गेले. त्यांवरची भोके खरी आहेत, पण ती लढाईची नाहीत. खूण खरी असणे आणि तिची तारीख खरी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९/
महाराष्ट्रातल्या वाचकांनी अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम अवश्य पाहावे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात निरनिराळ्या देशांचे रणगाडे उघड्यावर उभे आहेत. तिथे गेल्यावर केवळ छायाचित्र काढून परतू नका. पत्र्याची जाडी बोटाने अजमावा, ओतीव आणि लाटीव चिलखताच्या पृष्ठभागातला फरक पाहा, आणि त्या पोलादी पेटीत माणूस किती अवघडून बसत असेल याचा अंदाज घ्या.

२०/
कारण शेवटी मुद्दा त्या माणसाचा आहे. टरेटवर गोळा शिरल्याची खूण आपण अडीच मिलिमीटरच्या ड्रिलने दोन सेकंदांत उमटवतो. त्या भोकामागे बहुतेक वेळा तीन ते पाच माणसे होती: चालक, तोफची, गोळा भरणारा, नायक. आपल्या बाजूची असोत वा समोरच्या, मनात येईल तिथे भोक पाडणे म्हणजे त्यांचे मरण सजावट म्हणून वापरणे. एखादी खूण विचारपूर्वक, पुराव्यानिशी उमटवणे ही त्यांच्या आठवणीची नोंद ठरते.

२१/
म्हणून पुढच्या वेळी ड्रिल उचलण्याआधी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहा: लढाई कोणती, तारीख कोणती, मारा कोणत्या शस्त्राचा आणि कोणत्या दिशेने, त्यानंतर किती दिवस लोटले. उत्तरे मिळाली तर खूण उमटवा. नाही मिळाली तर रंग, धूळ आणि चिखल यांवर थांबा. शाबूत चिलखत खोट्या भोकापेक्षा अधिक खरे असते.

तुमच्या कपाटात एखादा जखमी रणगाडा असेल तर आज त्याच्याकडे नव्याने पाहा आणि त्याला विचारा: हे भोक कुणी पाडले? उत्तर सापडले तर खाली अवश्य लिहा.

(धागा समाप्त)