नाडीची नोंद आणि तिची झाडलोट

नाडी पाहणे ही आपल्याकडची जुनी विद्या. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची गती जळू, साप, बेडूक, हंस यांच्या चालीशी ताडून सांगितली आहे. नाडी किती पडते यापेक्षा ती कशी चालते, याकडे त्या वैद्यांचे लक्ष होते. आपल्या कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या एखाद्या तालमीत निवांत बसलेल्या पोराचे मनगट धरून बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना किंचित संथ. हा दोष नव्हे, निरोगीपणाची खूण आहे.

युरोपात १७३३ साली स्टीफन हेल्स यांनी नाडी आणि श्वास यांचा हा संबंध टिपला. १८४७ साली कार्ल लुडविग यांनी फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवणाऱ्या यंत्राने त्याची नोंद घेतली. पुढे हृदयाची विद्युत्‌रेषा काढणारे आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली.

परंतु यंत्र आले म्हणजे सत्य हाती आले, असे नव्हे. १९३५ साली फ्रेंच डॉक्टर तेरेज ब्रॉस यांनी हिंदुस्थानात योग्यांच्या हृदयाच्या नोंदी घेतल्या. एका नोंदीत हृदयाच्या खुणा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. योगी हृदय थांबवतो, असा बोलबाला झाला. १९६१ साली वेंगर, बागची आणि आनंद यांचा अहवाल आला. श्वास कोंडून छाती-पोट आवळले की मनगटाची नाडी हाताला लागत नसे आणि हृदयाचा आवाज स्नायूंच्या आवाजात बुडून जाई. हृदय मात्र चालूच होते!

तेव्हा नोंदीतला कचरा काढलाच पाहिजे. पण तो कसा काढावा? एक लहानसे गणित घेऊ. शिक्षकबंधूंनी ते फळ्यावर मांडून पाहावे. लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरे ८००, ८२०, ७९०, ८१० आणि ८०० मिलिसेकंद आहेत. त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, सुमारे ११ येतो. आता यंत्राकडून मधला एक ठोका हुकला. ८२० आणि ७९० मिळून १६१० असे एकच अंतर झाले. चढउतार एकदम ४०० च्या पुढे गेला! ते चुकीचे अंतर गाळून टाकले, तर उत्तर सुमारे ६ येते. त्याचे समान दोन भाग करून जागा भरली, तर सुमारे ४. माणूस तोच, हृदय तेच; झाडलोटीची रीत बदलली की उत्तर बदलले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा आकड्यांनी काय बिघडते? १९८७ साली क्लायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या २४ तासांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा चढउतार ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांना मृत्यूचा धोका १०० हून अधिक असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त आढळला. म्हणजे हुकलेले ठोके तसेच राहिले, तर धोक्यातला रुग्ण सुखरूप ठरेल. उलट, आधीच्या अंतराहून वीस टक्के फरक पडला की गाळा, असा सरसकट नियम लावला, तर तालमीतल्या पोराच्या संथ नाडीतले खरे चढउतारही केरात जातील आणि धडधाकट पोर आजारी ठरेल. म्हणूनच युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संयुक्त समितीने १९९६ साली दंडक घातला, की मोजणी नैसर्गिक ठोक्यांचीच करावी आणि नोंदीची दुरुस्ती माणसाच्या नजरेखाली, काटेकोरपणे व्हावी.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही शिस्त परकी नाही. मोडी कागद वाळवीने खाल्लेला असेल, तर प्रामाणिक संपादक ती जागा मोकळी दाखवतो. अनुमानाने अक्षरे भरलीच, तर ती कंसात घालतो. वाचणाऱ्याला कळते, की कागदाचे शब्द कोणते आणि संपादकाचे कोणते. नाडीच्या नोंदीलाही असा कंस हवा. किती ठोके गाळले, किती भरले आणि कोणत्या रीतीने, हे उत्तराशेजारी लिहिलेले असले, म्हणजे दुसऱ्या कोणालाही ते पडताळून पाहता येते.