समुद्रात मासा किती उरेल? संगणकाचा अंदाज कसा निघतो आणि कुठे फसतो

यंदा अमुक टन मासा काढला तर पाच-दहा वर्षांनी जाळ्यात काय येईल, याचा हिशेब करणारी सॉफ्टवेअर जगात अनेक ठिकाणी वापरली जातात. बंदी किती दिवस ठेवायची, जाळ्याचा आस केवढा हवा, वर्षाला किती मासा काढू द्यायचा, हे ठरवताना या हिशेबाचा आधार घेतात. नियमाचा फटका थेट मच्छीमाराच्या खिशाला बसतो. म्हणून हा हिशेब कसा होतो, हे माहीत असलेलं बरं.

हिशेबात काय काय लागतं?

मुख्य गोष्टी चार. आज समुद्रात कोणत्या वयाचे किती मासे आहेत, दरवर्षी आपोआप किती मरतात, जाळ्यात किती जातात आणि नवीन पिल्लं किती येतात. शिवाय कोणत्या वयात माशाचं वजन किती असतं आणि तो अंडी कधी घालतो, हेही भरावं लागतं. वय कसं कळतं? अनेक जातींच्या माशांच्या कानात बारीक हाड असतं. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्षाची वलयं दिसतात, ती मोजतात.

साधं उदाहरण

समजा, एका वर्षी जन्मलेले 1000 मासे आहेत. दरवर्षी 20 टक्के आपोआप मरतात, म्हणजे 800 उरतात. आता दोन नियम लावून बघा.

नियम पहिला: उरलेल्यातले निम्मे पकडा. पहिल्या वर्षी 400 मासे मिळतात, दुसऱ्या वर्षी 160, तिसऱ्या वर्षी 64. शेवटी समुद्रात उरतात फक्त 64.

नियम दुसरा: उरलेल्यातले पाव हिस्सा पकडा. पहिल्या वर्षी 200, दुसऱ्या वर्षी 120, तिसऱ्या वर्षी 72. शेवटी समुद्रात उरतात 216.

म्हणजे दुसऱ्या नियमात पहिल्या वर्षाची कमाई निम्म्यावर येते, हे खरंच आहे. बोटीचं कर्ज आणि डिझेलचा खर्च काही थांबत नाही. पण तिसऱ्याच वर्षी जास्त मासे मिळू लागतात, तेही वाढलेले, वजनदार. अंडी घालायलाही तिपटीहून जास्त मासे शिल्लक राहतात. सॉफ्टवेअर हेच गणित सगळ्या वयांच्या माशांसाठी, नवीन पिल्लं धरून, अनेक वर्षं पुढे नेतं.

अंदाज 'शक्यते'त का सांगतात?

पिल्लं दरवर्षी सारखी येत नाहीत. पाण्याचं तापमान, प्रवाह, खाद्य यावर ते अवलंबून असतं. त्यामुळे एकच आकडा सांगून भागत नाही. अमेरिकेच्या वुड्स होल इथल्या सरकारी मत्स्य विज्ञान केंद्रात तयार झालेलं 'एजप्रो' हे सॉफ्टवेअर तोच हिशेब शेकडो-हजारो वेळा करतं. प्रत्येक वेळी पिल्लांचा आकडा वेगळा धरतं. 1000 वेळांपैकी 700 वेळा साठा ठरवलेल्या पातळीच्या वर राहिला, तर 'या नियमाने साठा टिकण्याची शक्यता 70 टक्के' असं सांगतात. घटलेला साठा पुन्हा भरून यायला किती वर्षं लागतील, हे तपासायला तिथे ते वापरतात.

थोडक्यात, ही भविष्यवाणी नाही. दोन नियमांपैकी कोणता जास्त धोक्याचा, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवणारं ते साधन आहे.

कॅनडात काय झालं?

अंदाज फसला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरचा कॉड मासा. 1968 मध्ये तिथे एका वर्षात 8 लाख टनांच्या आसपास कॉड काढला गेला. त्यात परदेशी ट्रॉलर मोठ्या संख्येने होते. 1977 मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत आपला ताबा जाहीर केला. त्यानंतर शास्त्रज्ञांचा हिशेब सांगत होता की साठा वाढतोय.

पण किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे 1980 च्या दशकात तक्रार करत होते, मासा कमी आणि लहान येतोय. हिशेबात मात्र मोठ्या ट्रॉलरच्या पकडीला फार वजन दिलं गेलं. ट्रॉलर मासा जिथे गोळा होतो तिथेच जाऊन जाळं टाकतात. त्यामुळे समुद्रात मासा घटला तरी त्यांची जाळी भरलेलीच दिसली. शिवाय लहान मासा परत समुद्रात फेकला जायचा, तो कागदावर आलाच नाही. साठा आहे त्यापेक्षा मोठा धरला गेला आणि ठरवल्यापेक्षा बराच जास्त हिस्सा दरवर्षी निघत राहिला.

2 जुलै 1992 रोजी सरकारने कॉडची मासेमारी बंद केली. आधी सांगितलं होतं दोन वर्षं. सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. व्यावसायिक मासेमारीवरची ही बंदी उठायला 2024 उजाडलं. त्या वर्षी परवानगी मिळाली ती फक्त 18 हजार टनांची.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी सगळ्यांना माहीत आहे. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. चंदेरी पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. त्याच वर्षी हा मासा 'राज्य मासा' म्हणून जाहीर झाला. पिल्लाला एकदा तरी अंडी घालू द्यायची, हा आकाराच्या नियमामागचा हेतू.

आपल्या किनाऱ्यावरच्या साठ्याचा अभ्यास केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था करते. तिची माणसं बंदरांवर येऊन किती मासा उतरला, कोणता, केवढा, हे नोंदवतात. हीच माहिती पुढे हिशेबात जाते. ती देताना तांडेल आणि खलाशांनी तीन गोष्टी सांगाव्यात: किती तास जाळं टाकलं, किती लांब जावं लागलं आणि किती मासा फेकून दिला. पूर्वी दोन तासांत भरणारं जाळं आता सहा तास घेत असेल, तर पाटीतल्या माशाच्या वजनावरून ते कळत नाही. ते सांगावंच लागतं.