पाण्यात कुणीच नसतं

आधी कबुली देऊन टाकतो. वय चव्वेचाळीस, नोकरी तालुका प्रतिनिधीची, आणि रात्री अकराला पान सोडून घरी आलो की मी जपानी विनाशिका चालवतो. हसायचं ते हसून घ्या. भाचा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर आमच्याकडे राहिला, त्यात 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' हा गेम होता. सहज उघडला. दीड वर्ष झालं, अजून बंद केलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारा जहाजं इकडे, बारा तिकडे, वीस मिनिटांचा सामना. मोठाल्या युद्धनौका लांबून गोळे टाकतात. विनाशिका म्हणजे त्यातलं लहान, चपळ, पातळ पत्र्याचं जहाज. दोन-चार गोळे बसले की संपलं. त्यातही जपानी विनाशिकेचं वैशिष्ट्य असं की ती शत्रूला उशिरा दिसते. लपत जायचं, पाणतीर सोडायचे, धूर करायचा आणि पळायचं. दिसलात की स्क्रीनवर वर खूण येते, छातीत धस्स होतं. इतक्या वर्षांत नगरपालिकेच्या एकाही सभेत मला तसं झालेलं नाही.

गेमवाल्यांनी अभ्यास केलाय हे मान्य करावं लागेल. जपानी नौदलाने १९३० च्या दशकात खरोखरच रात्रीच्या लढाईवर आणि पाणतीरांवर सगळं पणाला लावलं होतं. अमेरिकेइतक्या युद्धनौका बांधायला करारांनी मनाई होती आणि तेवढा पैसाही नव्हता, म्हणून लहान जहाजावर जबर हत्यार. त्यांचा 'टाइप ९३' पाणतीर हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनवर चालायचा. पाण्यावर बुडबुड्यांची रेघ जवळजवळ उमटत नसे, पोटात ४९० किलो स्फोटक, आणि पूर्ण वेगातही तो वीस किलोमीटर जायचा. अमेरिकी विनाशिकांचा पाणतीर तेवढ्या वेगात सहा किलोमीटरही जात नसे. 'लाँग लान्स' हे त्याचं गाजलेलं नाव मात्र जपानी नाही. युद्धानंतर सॅम्युएल मॉरिसन या अमेरिकी इतिहासकाराने ते दिलं.

एक गोष्ट मात्र गेममध्ये साफ खोटी आहे. तिथे पाणतीर संपतच नाहीत. मिनिट-दोन मिनिटं थांबा, नळ्या पुन्हा भरलेल्या. खऱ्या शिमाकाझेवर पंधरा नळ्या होत्या आणि पाणतीरही पंधराच. जादा एकही नाही. त्या वर्गाचं ते एकच जहाज बांधलं गेलं, आणि ११ नोव्हेंबर १९४४ रोजी फिलिपिन्सच्या ओर्मोक खाडीत अमेरिकी विमानांनी ते बुडवलं.

या विनाशिकांचं युद्धातलं सगळ्यात मोठं काम कुठलं होतं, तर भात वाहायचं. चेष्टा नाही करत. ऑगस्ट १९४२ मध्ये सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवर अमेरिकन उतरले, तिथला विमानतळ त्यांच्या हातात गेला. दिवसा मालवाहू जहाज गेलं की वरून बॉम्ब. मग जपान्यांनी विनाशिकांवर सैनिक आणि रसद लादून रात्रीच्या रात्री जाऊन यायला सुरुवात केली. अमेरिकन त्याला 'टोकियो एक्स्प्रेस' म्हणायचे. जपानी खलाशी म्हणायचे 'उंदीर वाहतूक'. मला दुसरं नाव जास्त खरं वाटतं.

पुढे तर किनाऱ्याला लागून माल उतरवायलाही वेळ मिळेना. मग इंधनाची रिकामी पिंपं धुऊन त्यात तांदूळ आणि सातू भरले. तरंगावीत म्हणून अर्धवटच भरली, दोराने माळेसारखी बांधली. जहाजाने वेग कमी करायचा, माळ समुद्रात ढकलायची, किनाऱ्यावरच्या भुकेल्या सैनिकांनी दोर ओढून घ्यायचा. पिंपांचं वजन पेलावं म्हणून जादा पाणतीर बंदरातच उतरवून ठेवले. म्हणजे ज्या हत्यारासाठी जहाज बांधलं, तेच काढून तांदूळ भरला.

३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री रिअर अॅडमिरल रायझो तानाका आठ विनाशिका घेऊन निघाला, त्यातल्या सहांवर पिंपं. समोर पाच अमेरिकी क्रूझर आणि सहा विनाशिका. रडारवर अमेरिकनांनीच आधी पाहिलं, 'ताकानामी' बुडवलीही. पण तानाकाच्या बाकी जहाजांनी पाणतीर सोडले आणि चार क्रूझरांना ते लागले. 'नॉर्दम्प्टन' बुडाली, तीन मोडून पडल्या. तासाफारोंगाची लढाई म्हणून आजही नौदलाच्या पुस्तकांत ती शिकवतात. गेममध्ये असा सामना झाला तर मी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवला असता.

पण त्या रात्री एकही पिंप किनाऱ्याला पोचलं नाही. ३ डिसेंबरला पुन्हा गेले, १,५०० पिंपं टाकली, हाताला लागली ३१० च्या आसपास. बाकीची लाटांनी नेली किंवा सकाळी विमानांनी गोळ्या घालून बुडवली. किनाऱ्यावरचे सैनिक दोर ओढण्याइतकेही धड राहिले नव्हते. त्या बेटावर वीस हजारांच्या आसपास जपानी सैनिक मेले, त्यातला मोठा भाग भुकेने आणि आजाराने. बेटाच्या नावातल्या 'गा' या अक्षरावर श्लेष करून त्यांनी त्याचं नाव पाडलं होतं 'गातो', म्हणजे भुकेचं बेट. फेब्रुवारी १९४३ मध्ये उरलेल्या दहा हजारांहून अधिक जणांना तीन फेऱ्यांत उचलून आणलं, तेही याच विनाशिकांनी.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्या गोष्टीकडे येतो.

मागच्या वर्षी मी रविवारच्या पुरवणीत एक लेख लिहिला होता. विषय, कप्तान शुन्साकु कुडो. १ मार्च १९४२ रोजी जावाच्या समुद्रात ब्रिटिशांची 'एन्काउंटर' आणि अमेरिकेची 'पोप' ही जहाजं जपान्यांनी बुडवली. त्यांचे खलाशी तेलाने माखून रात्रभर पाण्यात होते. दुसऱ्या दिवशी 'इकाझुची' ही जपानी विनाशिका तिथे आली. पाणबुड्यांचा धोका असलेल्या समुद्रात जहाज थांबवणं म्हणजे स्वतःच्या माणसांचा जीव टांगणीला लावणं. कुडोने थांबवलं. इकाझुचीवर स्वतःचे खलाशी सव्वादोनशेच्या घरात, आणि त्याने पाण्यातून काढले ४४२ शत्रू. पाणी दिलं, कपडे दिले, अंगावरचं तेल पुसायला लावलं. युद्धानंतर त्याने याचा गाजावाजा केला नाही, १९७९ मध्ये वारला. त्यातले एक वाचलेले ब्रिटिश अधिकारी सॅम फॉल पुढे राजदूत झाले. २००८ मध्ये, नव्वदीला टेकलेले असताना, जपानला जाऊन ते कुडोच्या थडग्यापाशी उभे राहिले.

लेख खरा होता, आकडे तपासलेले होते. शेवटी मात्र मी हात मोकळा सोडला. जपानी संस्कार, शिस्त, आपण काय शिकायचं, वगैरे. लेख फिरला. चार व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मलाच परत आला, माझं नाव काढून.

तिसऱ्या दिवशी फोन आला. खाडीपलीकडच्या गावातले एक चाचा, वय नव्वदीकडे झुकलेलं. "पत्रकारसाहेब, तुमचा लेख नातवाने वाचून दाखवला. एक विचारायचं होतं. आमच्या अब्बांचं जहाज बुडवलं तेपण जपान्यांनीच. ते जहाज कुठलं होतं ते तुम्हाला कळेल का?"

मी गेलो. कोकणातल्यांना सांगायला नको, रत्नागिरीकडची कितीतरी घरं तेव्हा मुंबईला जाऊन ब्रिटिश कंपन्यांच्या मालवाहू बोटींवर चढायची. कुणी डेकवर, कुणी बॉयलरपाशी आगवाला. गोव्याची माणसं खानसामे आणि स्टुअर्ड. चाचांचे वडील आगवाला होते. १९४२ च्या एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरात त्यांचं जहाज बुडालं. चाचा तेव्हा सहा वर्षांचे. घरात कागद एकही नाही.

त्या आठवड्याचा इतिहास मला गेममुळेच पाठ होता, हे सांगायलाही लाज वाटते. अॅडमिरल ओझावाचा ताफा तीन तुकड्या करून उपसागरात शिरला आणि कलकत्ता-मद्रास मार्गावरची वीसच्या आसपास व्यापारी जहाजं त्याने बुडवली, बहुतेक ६ एप्रिलला, ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्याजवळ. त्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. प्रत्येक तुकडीत क्रूझरांबरोबर विनाशिका होती. दक्षिणेकडच्या तुकडीतली होती 'अमागिरी', फुबुकी वर्गातली. गेममध्ये मी आठ-दहा महिने फुबुकीच चालवत होतो.

चाचांना जहाज सांगू शकलो नाही. मी विचारलं, अब्बा परत आले का? आले म्हणाले. होडीत बसून दोन दिवसांनी किनाऱ्याला लागले. "मग जपान्यांनी त्यांना..." मी वाक्य अर्धवट सोडलं. चाचा म्हणाले, "काय नाय केलं. गोळ्यापण नाय मारल्या, घेतलंपण नाय. जवळून गेलं जहाज. अब्बा सांगायचे, वर उभे असलेले लोक आमच्याकडं बघत होते. आमच्यातला एक जण हात हलवत होता. गेले निघून."

माझ्या लेखात या जहाजाला जागाच नव्हती.

घरी येऊन मी पुन्हा वाचायला बसलो. या वेळी जे टाळलं होतं तेही. 'अकिकाझे', जपानी विनाशिका, मिनेकाझे वर्ग. मार्च १९४३ मध्ये तिने न्यू गिनीजवळच्या कायरिरू आणि मानुस बेटांवरून साठेक नागरिक चढवले. बहुतेक मिशनरी, त्यातले बरेच जर्मन, म्हणजे जपानच्या मित्रराष्ट्राचे. एक बिशप, नन्स, तीन लहान मुलं. १८ मार्चला रबाउलकडे जाताना वरून आलेला आदेश कप्तानाने पाळला. जहाजाच्या मागच्या भागात एकेकाला नेऊन गोळ्या घातल्या, प्रेतं समुद्रात सोडली. आणि हे होण्याच्या दोनच आठवडे आधी, बिस्मार्क समुद्रात, अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन विमानांनी जपानी ताफा बुडवल्यावर पाण्यात पोहणाऱ्या आणि तराफ्यांवरच्या सैनिकांवर मशिनगन चालवल्या होत्या. तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच.

अमागिरीचं पुढचं सांगतो. २ ऑगस्ट १९४३ च्या रात्री अशाच एका 'उंदीर वाहतुकी'तून परतताना अंधारात तिने एका छोट्या अमेरिकी बोटीला धडक दिली. बोट दुभंगली, दोघे मेले, अकरा पाण्यात. अमागिरी थांबली नाही. पाण्यातल्या अकरांपैकी बोटीचा अधिकारी होता जॉन केनेडी, पुढचा अमेरिकेचा अध्यक्ष. त्यांना शोधून काढलं बिउकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन स्थानिक तरुणांनी, होडी वल्हवत. केनेडी अध्यक्ष झाला म्हणून ती रात्र आपल्याला तासातासाने माहीत आहे. चाचांच्या अब्बांचं जहाज कुठलं, ते नाही.

मुंबईत मस्जिद बंदरकडे इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या हिंदी खलाशांची नोंदवही ठेवलेली आहे. सहा हजारांहून अधिक नावं. चाचांचे अब्बा त्यात नसणार, कारण ते वाचले. पण त्यांच्या जहाजावर न वाचलेले दोघे शेजारच्या वाडीतले होते, त्यांची नावं चाचांना आठवतात. ती मी लिहून आणली आहेत. मुंबईला जाणं झालं की वही बघणार आहे. नाव सापडलं तर त्यापुढे जहाजाचंही नाव मिळेल अशी आशा आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी खलाशी पुस्तिका, 'नल्ली', पडून असेल त्यांनी कृपया फोटो काढून मला इनबॉक्स करा. तारीख एप्रिल १९४२ च्या आसपासची असेल तर फारच उत्तम.

दिवाळीत भाचा आला होता. मी फुबुकी घेऊन बसलो होतो. बऱ्याच दिवसांनी नेम चांगला लागला, तीन पाणतीर एका क्रूझरला बसले आणि ती कलंडली. गेममध्ये जहाज बुडताना फार सुंदर दाखवतात. आग, धूर, वाकत जाणारा डेक. मी कॅमेरा फिरवून पाण्यावर नेला. होडी नाही, तराफा नाही, कुणीच नाही. नुसतं पाणी, तेही लगेच सपाट झालेलं.

भाचा मागून ओरडला, "मामा, काय बघताय तिकडे? वळवा, वळवा, पाणतीर येतायत!"

वळवायला उशीर झाला होता.