जलपर्णीची रूपे : एका जातीतील भेदांच्या अभ्यासाचा इतिहास

नाशिक जिल्ह्यात सातमाळेच्या रांगेने दोन खोरी वेगळी केली आहेत. रांगेच्या दक्षिणेचे पाणी गोदावरीस जाते. उत्तरेस देवळा, कळवण, बागलाण या भागांतील पाणी गिरणेवाटे तापीस मिळते. गोदावरीच्या नाशिकजवळील संथ पात्रात आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात जलपर्णी कोणासही पाहावयास सापडते. काठावरून निरीक्षण करणाऱ्यास तेथे दोन निरनिराळ्या वनस्पती असल्याचा भास होतो. मोकळ्या पाण्यावर एकटे तरंगणारे रोप बुटके असून त्याच्या पानांचे देठ भोपळ्यासारखे फुगलेले असतात. दाटीच्या मध्यभागी तीच वनस्पती उंच, सरळ व सडपातळ देठांची होते आणि फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो. हा भेद कशामुळे होतो व तो पुढील पिढीस मिळतो काय, या प्रश्नाच्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. मार्शियस याने ब्राझीलमधील नमुन्यांवरून 1823 मध्ये या वनस्पतीस पाँटेडेरिया क्रॅसिपेस असे नाव दिले. क्रॅसिपेस म्हणजे जाड पायाची. म्हणजे नामकरणासाठी जे लक्षण निवडले गेले तेच नेमके सर्वांत अस्थिर निघाले. कुंट याने 1843 मध्ये आयकॉर्निया स्पेसिओसा हे नाव योजिले. झोल्म्स-लाउबाख याने 1883 मध्ये आयकॉर्निया क्रॅसिपेस हे नाव रूढ केले. आणि 2018 मध्ये आयकॉर्निया ही प्रजातीच पाँटेडेरियात विलीन करण्यात आल्याने मार्शियसचे मूळ नाव पुन्हा प्रचारात आले. जुने निबंध वाचताना विद्यार्थ्याने ही तिन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत हे ध्यानात ठेवावे.

भारतात ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, ती बहुधा फुलांच्या शोभेसाठी. पुढील वीस-पंचवीस वर्षांत तिने पूर्व बंगालचे कालवे व भातखाचरे इतकी व्यापली की 1921 मध्ये बंगाल सरकारला जगदीशचंद्र बसू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि 1936 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. याच काळात कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. सह्याद्रीतील गोड्या पाण्यात सापडलेल्या जेलीमाशामुळे त्यांचे नाव आधीच प्राणिशास्त्रज्ञांस परिचित होते. 1914 मध्ये ते जर्मनीस गेले, महायुद्धामुळे तेथेच अडकले, आणि बर्लिनला त्यांनी वायव्य भारतातील रुक्ष प्रदेशीय वनस्पतींच्या प्रसारसाधनांवर प्रबंध लिहिला. बियांचा प्रसार कसा होतो हाच ज्याच्या चिंतनाचा विषय, त्या संशोधकाने बंगालच्या पाण्यात जलपर्णीकडे पाहावे हे स्वाभाविक होते. त्यांनी बॅनर्जी यांच्या सहकार्याने जलपर्णीचे परागण व बीजनिर्मिती यांवर निबंध लिहिला. तो 1930 मध्ये प्रसिद्ध झाला. आघारकर पुढे 1946 मध्ये पुण्यास आले व महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारण्यात त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. 1960 मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी वाचक त्यांस संस्थापक म्हणून ओळखतो. फुलांकडे बारकाईने पाहणारा निरीक्षक म्हणून त्यांचे स्मरण क्वचितच होते.

त्या निबंधामागील प्रश्न व्यवहाराचा होता. जलपर्णी आडव्या फुटव्यांनी वाढते. एका रोपापासून अल्पकाळात शेकडो रोपे होतात. ही वाढ केवळ फुटव्यांचीच असेल तर रोपे उपसून काढली म्हणजे काम भागते. परंतु बीजही तयार होत असेल, तर उपसलेल्या तळ्यात ती पुन्हा उगवणारच. फुलल्यानंतर फुलोऱ्याचा दांडा पाण्याकडे वाकतो, बीज चिखलात पडते, अनेक वर्षे तेथे जिवंत राहते, आणि पाणी हटून चिखल उघडा पडला की अंकुरते. लोहोणेर-ठेंगोड्याजवळील गिरणेसारख्या, उन्हाळ्यात पात्र आटून डोह उरणाऱ्या नदीच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे ठरेल. तेथे तरंगणारी रोपे कडक उन्हाने मरतील, पण बीज मरेलच असे नाही.

आता भेदांचा मूळ प्रश्न. डार्विनने 1877 च्या आपल्या ग्रंथात एकाच जातीच्या निरनिराळ्या झाडांवर निरनिराळ्या रचनेची फुले कशी असतात हे विस्ताराने मांडले. लिथ्रममध्ये कुक्षिवृंताच्या उंचीनुसार दीर्घ, मध्यम व ऱ्हस्व अशी तीन रूपे असतात. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्यूलरने 1871 मध्ये पाँटेडेरियातही असाच प्रकार असल्याचे दाखविले. जलपर्णीचे सहा पुंकेसर तीन-तीनच्या दोन पातळ्यांवर असतात आणि कुक्षी उरलेल्या तिसऱ्या पातळीवर. हा भेद रोपागणिक निश्चित असून परिस्थितीने बदलत नाही.

येथे एक विलक्षण विसंगती दिसते. काठावरून जो भेद डोळ्यांत भरतो तो आनुवंशिक नव्हे. जो आनुवंशिक आहे तो फूल हातात घेऊन उघडल्याशिवाय दिसत नाही. स्वीडनच्या टुरेसनने 1922 च्या सुमारास निरनिराळ्या ठिकाणची रोपे एकाच वाफ्यात वाढवून पाहण्याची पद्धत प्रतिष्ठित केली. टिकून राहणारा भेद रोपाचा, नाहीसा होणारा भेद जागेचा, हा तिचा साधा निकष. जलपर्णीस तो लावला की फुगीर देठ जागेचा ठरतो : दाटीतील रोप मोकळ्या, उजेडाच्या पाण्यात आणले की त्याची नवी पाने फुगीर देठांची येतात. मुळांचेही तसेच, स्फुरद कमी असलेल्या पाण्यात ती लांब होतात, सांडपाण्यात आखूड राहतात. (हा प्रयोग करू इच्छिणाऱ्याने तो जेथे जलपर्णी आधीच माजली आहे तेथेच करावा, रोप गिरणेकाठी मुळीच नेऊ नये. डोंगर ओलांडून पाणी जात नाही, पण माणसाची बादली जाते.)

कॅनडातील स्पेन्सर बॅरेट यांनी 1977 पासून या विषयास नवे वळण दिले. मूळ प्रदेशाबाहेर बहुतेक सर्वत्र मध्यम रूपच आढळते, दीर्घ रूप अधूनमधून, आणि ऱ्हस्व रूप मुळीच नाही. ते दक्षिण अमेरिकेतच राहिले. लिथ्रमवरून ज्ञात असलेल्या आनुवंशिक नियमाने याचा उलगडा होतो. मध्यम रूपाच्या स्वपरागणातून दीर्घ रूप निपजू शकते, परंतु ऱ्हस्व रूपाचा प्रभावी घटक मध्यम वा दीर्घ रोपात नसतोच. म्हणजे जगभर गेलेली रोपे मुळातच मोजकी होती. 2010 मध्ये बॅरेट व त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 54 ठिकाणची 1140 रोपे तपासली, तेव्हा त्यांपैकी सुमारे 71 टक्के एकाच कृंतकाची, म्हणजे एकाच मूळ रोपाच्या शाकीय वंशाची, निघाली.

या निष्कर्षाचा अर्थ काही लेखक अवाजवी ताणतात असे मला वाटते. आनुवंशिक एकरूपता म्हणजे वर्तनाची एकरूपता नव्हे. 1980 नंतरच्या दशकात बंगळूर येथून भारतात सोडलेल्या निओकेटिना भुंगेऱ्यांचा अनुभव याच दिशेने जातो. पान नत्राने समृद्ध आहे की नाही, यावर भुंगेऱ्याचे पोषण अवलंबून असते. आणि तेच नत्र रोपालाही नवी पाने जलद काढू देते. एकच कृंतक सांडपाण्याच्या नदीत व स्वच्छ जलाशयात दोन निराळ्या वनस्पतींप्रमाणे वागतो. तेव्हा एका तळ्यातील नियंत्रणाचे आकडे दुसऱ्या तळ्यास लावण्यापूर्वी पाण्यातील नत्र-स्फुरद मोजणे आवश्यक आहे. गोदावरीच्या पात्रात हे करावयाचे झाल्यास त्याच फेरीत प्रत्येक ठिकाणची वीस-पंचवीस फुले उघडून कुक्षिवृंताची उंची नोंदवावी; त्यास भिंग व पट्टी यांखेरीज काही लागत नाही.