पळसाला पानं नाहीत

पाय जपून टाका, मैदानात शेण आहे. कलकत्ता, साल 1805, ज्येष्ठातली दुपार. पाठीमागे फोर्ट विल्यमची बसकी, रुंद तटबंदी आणि खंदकाचा कुबट वास. हुगळीवरून येणारा वारा गरम ओल्या फडक्यासारखा तोंडावर बसतो. छातीएवढे उंच, टकले हाडगिळे करकोचे उकिरडा चिवडताहेत. ते बाजूला होणार नाहीत, तुम्हीच व्हा. पालखीचे भोई हुंकारत अंगावरून जातात आणि घामाचा, मोहरीच्या तेलाचा भपकारा मागे ठेवतात.

तुमच्या झोळीत आहे जवळजवळ दीडशे वर्षांनी जन्मणारी एक चाचणी. घर, झाड आणि माणूस काढायला सांगायचं आणि चित्रावरून मन वाचायचं. जॉन बक यांनी ती 1948 साली मांडली.

ती घेऊन तुम्हाला जायचंय त्या कॉलेजचं नाव फोर्ट विल्यम, पण ते भरतं किल्ल्याबाहेर, रायटर्स बिल्डिंगमध्ये. तिथे विल्यम केरी मराठी शिकवतात, नागपूरचे वैजनाथ पंडित त्यांना मदत करतात. केरींचं मराठी व्याकरण याच वर्षी छापून निघतंय. त्यांच्या आसपास नकला उतरवणारा एक तरुण कल्पू या, नागपूरकडचाच. या शहरात आया बर्गींची, म्हणजे मराठी स्वारांची, भीती घालून पोरं निजवतात. मराठी बोलणारा इथे किती एकटा पडत असेल!

कागद पुढे करा. तो बोरू शाईत बुडवतो. मनगटावरचा घाम कागदावर टपकतो, माश्या घोंगावतात, बाहेर घोडा खिंकाळतो.

चित्र पाहून तुम्ही चपापता. घर इवलंसं, कागदाच्या तळाशी, त्याला खिडकी नाही. झाड निष्पर्ण. माणसाला हात नाहीत. रेघ फिकी. चाचणीच्या तक्त्यात या सगळ्या नैराश्याच्या खुणा!

घाई करू नका, त्यालाच विचारा.

“कागद महाग, म्हणून लहान काढलं. शाईत पाणी घातलंय. वाड्याला रस्त्याकडे खिडकी कशाला? सगळं चौकात उघडतं. आणि हा पळस आहे. फुलतो तेव्हा पानं कुठे असतात? तांबडा रंग द्या, दाखवतो.”

“आणि हात?”

“उपरण्यात आहेत.”

एकेक खूण अशी गळून पडते. अशा सुट्या खुणांवरून नैराश्य ठरवायला पुढच्या संशोधनानंही भक्कम आधार दिलेला नाही. चित्राचा उपयोग बोलणं सुरू करण्यापुरता, आणि तो फार मोलाचा आहे. म्हणून उठू नका. तक्ता झोळीत टाका आणि सरळ विचारा, “झोप लागते का, पंत?”

तो बोरू खाली ठेवतो.

“दोन महिने झाले. कोल्हे ओरडायला लागले की उठून बसतो. पहाटेची तोफ होईपर्यंत तसाच. जेवण मातीसारखं लागतं. आधी पोथी वाचायचो, आता तीही उघडवत नाही.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“विचारलं कुणी?”

जवळ सरका. वाड्यात कोण कोण आहे, तेही विचारा.